आजीच्या डब्यातले शिंपले आणि त्यांना पडलेली भोकं

सागरगोटी
माझी आजी, म्हणजे आईची आई, हर्णैची. लग्न होऊन पुण्यात आली तरी दर मे महिन्यात माहेरी जायची. परत येताना पिशवीत आंबे, फणसपोळी, कोकमं आणि तळाशी कागदाच्या पुडीत शिंपले. आजोबा म्हणायचे, वाळू घरात आणू नकोस. ती अंगणात नळाखाली शिंपले धुवायची, कट्ट्यावर सुकवायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. त्या डब्याला हात लावायचा तर आधी तिला विचारावं लागे.

आजी जाऊन पाच महिने झाले. गेल्या रविवारी मामाने तिचं कपाट आवरलं आणि डबा माझ्या हातात दिला. मी तो उघडून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडला आणि दोन तास तिथेच उभी होते. शर्टाच्या बटणाएवढ्या, तांदळासारख्या गुळगुळीत, चपट्या शंखिका आहेत, कमीत कमी दोनशे. गुलाबी, राखाडी, तपकिरी, प्रत्येकीवरची नक्षी वेगळी. एक सारखी जोडी मिळत नाही, मी शोधली. स्क्रूसारखे लांबट शंख आहेत. समुद्रफेनाचा एक तुकडा आहे, तो ती पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवायची. एक मोठी ठिपक्यांची कवडी आहे, ती हर्णैची नसावी, कुणी तरी दिलेली असेल.

आणि जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेली एक वेगळी पुडी आहे. त्यात ४१ शिंपले आहेत, सगळे तिसऱ्यांच्या जातीचे वाटतात. प्रत्येकाला टोकाजवळ एक गोल भोक, इतकं नेटकं की सोनाराने पाडल्यासारखं. लहानपणी आजी यांच्यात दोरा ओवून आम्हा मुलींना माळा करून द्यायची. भोक कुणी पाडलं असं विचारलं की म्हणायची, "समुद्राला माहीत असतं, पोरींना माळा लागतात."

मला आता ते खरंच जाणून घ्यायचं आहे. इथे कोकणातली, किनाऱ्यावर फिरणारी बरीच मंडळी आहेत. ही भोकं कशाची? आणि तुमच्याही घरात असा एखादा डबा, एखादा शंख, एखादी कवडी असेल तर लिहा. हजार शिंपले तुडवत चालताना माणूस एकाच शिंपल्याशी का वाकतो, हे मला त्या ओट्यापाशी उभं राहून कळलं नाही.

निशिगंध
किती सुंदर लिहिलंय ताई. आम्ही अकोल्याचे, मी समुद्र पाहण्याच्या आधी ऐकला. चौथीत असताना शेजारच्या काकू गणपतीपुळ्याहून शंख घेऊन आल्या होत्या, त्यांनी तो माझ्या कानाला लावला. पुढे कॉलेजात कुणी तरी सांगितलं की तो आपल्याच रक्ताचा आवाज असतो, तर कुणी म्हणालं काहीच नसतं. नक्की काय असतं?

शिवाय शंखाच्या वळणात सुवर्ण गुणोत्तर असतं असं वाचलं आहे, म्हणून तो डोळ्यांना इतका गोड वाटतो म्हणे.

ओहोटीवाला
सागरगोटी ताई, रत्नागिरीत शाळेत शिकवतो आणि पंधरा वर्षं मुलांना घेऊन ओहोटीला किनाऱ्यावर जातो, म्हणून उत्तर देतो.

ही भोकं दुसऱ्या एका शंखाने पाडलेली आहेत. इंग्रजीत त्याला मून स्नेल म्हणतात, आपण चंद्रशंख म्हणू. गोल, गुळगुळीत, गोटीसारखा असतो. वाळूच्या आत सरकत सरकत शिंपला शोधतो, आपल्या मोठ्या मांसल पायात त्याला लपेटतो आणि एका जागी बसून भोक पाडायला लागतो. त्याच्याकडे एक खास ग्रंथी असते, तिच्यातून आम्लधर्मी स्राव येतो आणि कवच मऊ होतं. मग कानशीसारख्या जिभेने ते खरवडायचं, पुन्हा स्राव, पुन्हा खरवड. एका भोकाला कित्येक तास लागतात, जाड शिंपला असेल तर दिवसाहून जास्त. आरपार गेलं की सोंड आत घालून शिंपल्याला खातो.

भोक भिंगाखाली बघा. बाहेरून रुंद आणि आत निमुळतं असेल, स्क्रूचं डोकं बसवायला सुतार जसं भोक करतो तसं, तर ते चंद्रशंखाचं. दुसरीही एक काटेरी शंखांची जमात भोकं पाडते, त्यांच्या भोकाच्या कडा साधारण सरळ असतात. टोकाजवळच बहुतेक भोकं का, तर शिंपला पायात धरण्याची त्याची पद्धत ठरलेली असते.

हर्णै-मुरुडच्या किनाऱ्यावर वाळूची वाटोळी, पातळ, रबरासारखी कॉलर पडलेली दिसते. लोक तिला प्लॅस्टिक समजून लाथाडतात. ती याच चंद्रशंखाची अंडी असतात, वाळूत आणि चिकट द्रवात बसवलेली.

निशिगंध, शंखातला आवाज रक्ताचा नसतो. भोवतालचे बारीक आवाज शंखाच्या पोकळीत घुमतात, त्यातले काही उठून ऐकू येतात. कानावर रिकामी वाटी धरली तरी तसाच आवाज येतो. अगदी निःशब्द खोलीत शंख जवळजवळ मुका होतो.

सागरगोटी
ओहोटीवाला सर, मनापासून आभार. भिंग नव्हतं, फोनचा कॅमेरा मोठा करून पाहिलं. बाहेरून रुंद, आत निमुळतं, तुम्ही सांगितलंत तसंच.

खरं सांगू, वाचून थोडा वेळ गप्प बसले. आम्ही गळ्यात घालून नाचायचो त्या माळेतलं प्रत्येक भोक म्हणजे एकेका जीवाचा शेवट होता. आजीला हे माहीत होतं का, हा प्रश्न आता डोक्यातून जात नाही. ती कोळीवाड्याशेजारी वाढलेली, तिला माहीत नसेल असं वाटत नाही.

वेंगुर्लेकरीण
सागरगोटी, आमच्याकडे शिंपला आधी ताटात येतो, मग अंगणात. ओहोटीला खाडीच्या चिखलात कंबरेतून वाकून माझी आई आणि तिच्या जावा तिसरे वेचायच्या. घरी आणून पाण्यात ठेवायचे म्हणजे वाळू सुटते, मग आदोळीवर, म्हणजे विळीवर, उघडायचे आणि मांस एका शिंपीत राखून दुसरी टाकायची. एकशिपी म्हणतात ती हीच. तिसऱ्या, मुळे, खुबे, कालवं, शिनाणे, प्रत्येकाची चव वेगळी, उघडायची रीत वेगळी. कालवं तर खडकावरून कोयत्याने ठोकून काढायची, हातांना जखमा होतात.

टाकलेली शिंपीही वाया जायची नाही. "शिंप्यो फेकू नको गो, माडाच्या मुळात घाल," असं आई सांगायची. आमच्या माडाच्या आळ्यात खणलं की माझ्या पणजीच्या काळातल्या शिंप्या निघतात. पूर्वी शिंपल्या भाजून चुना करत, भिंतीलाही तोच आणि पानालाही तोच.

तुम्ही सुंदर म्हणता ते मला आत दिसतं. बाहेरून चिखलाचा रंग, उघडला की आत दुधासारखा पांढरा आणि कडेला जांभळी झाक. आईचे हात काळे झालेले आणि त्यात ती पांढरी शिंपी, एवढं चित्र पुरेसं आहे मला.

गणू_सर
निशिगंध, सुवर्ण गुणोत्तराबद्दल थोडं सांगतो, कारण ही गोष्ट इतकी पसरली आहे की मुलं परीक्षेत लिहितात.

शंखाचा प्राणी कवचाच्या तोंडाशीच नवा थर घालतो. जुना भाग तसाच राहतो. नवा भाग जुन्याच्या ठरावीक पटीने मोठा होत गेला की आपोआप जी रेषा तयार होते तिला लॉगरिदमिक सर्पिल म्हणतात. इंग्लंडमधल्या हेन्री मोसलेने १८३८ मध्ये शंखांचं हे गणित मांडलं. या सर्पिलाचा गुण असा की ते वाढतं पण त्याचा आकार बदलत नाही. पिल्लाचा शंख आणि म्हाताऱ्याचा शंख एकमेकांची लहान-मोठी प्रत असतात. त्या प्राण्याला घर कधी बदलावं लागत नाही आणि मोडून पुन्हा बांधावंही लागत नाही.

अशी सर्पिलं अगणित आहेत, दर पाव फेऱ्यात सुवर्ण गुणोत्तराने, म्हणजे सुमारे १.६१८ पट, रुंदावणारं सुवर्ण सर्पिल त्यातलं फक्त एक. ते एका पूर्ण फेऱ्यात सुमारे ६.८५ पट रुंदावतं. ज्या नॉटिलस नावाच्या समुद्री जीवाच्या शंखाचं चित्र सगळीकडे छापतात तो एका फेऱ्यात साधारण ३ पट वाढतो. म्हणजे जमत नाही. पण मला विचाराल तर खरं गणित जास्त देखणं आहे. हिशेब न येणारा जीव एकच साधा नियम आयुष्यभर पाळतो आणि त्यातून हे वळण उतरतं.

आराध्याची_लेक
सगळ्यांचं वाचतेय. मी धाराशिव जिल्ह्यातली, समुद्र पहिल्यांदा बघितला तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी. पण समुद्राची वस्तू आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या होती.

माझी आई तुळजाभवानीची आराधी. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, मंगळवारी आणि शुक्रवारी जोगवा. माळ घालताना तिचा चेहरा बदलायचा. घरात भांडण असो, पैशाची ओढाताण असो, माळ गळ्यात पडली की ती आईराजाची झाली, मग तिला कुणी उलट बोलत नसे. कवड्या हळदीने आणि वर्षांच्या घामाने पिवळ्या झालेल्या. एखादी तुटली तर ती तुळजापुरातच नवी घ्यायची.

मला कायम वाटायचं, समुद्रापासून अडीचशे-तीनशे किलोमीटर आत, दुष्काळी मुलखात, देवीने कवडी का निवडली? कुणाला माहीत असेल तर सांगा. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कवडीला डोळा असतो, म्हणून." कवडीचं तोंड खरंच मिटलेल्या डोळ्यासारखं दिसतं.

पणती
आराध्याची_लेक, तुमच्या आईचं उत्तर मला सगळ्यांत योग्य वाटतं. देवीने कवडी का निवडली याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही, पण कवडी तिथवर कशी पोचली ते थोडं सांगू शकते. इतिहास हा माझा विषय.

माळेतल्या लहान कवड्या बहुतकरून मालदीवच्या समुद्रातून आलेल्या. जुन्या अरब प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे की तिथले लोक नारळाच्या झावळ्या उथळ पाण्यात टाकत. कवड्या झावळ्यांना चिकटल्या की ओढून वाळूत पुरत, आतलं मांस सडून गेलं की स्वच्छ कवडी मिळे. १४व्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये राहिला होता, तिथून बंगालला कवड्या जातात असं त्यानेही नोंदवलं आहे. त्या बदल्यात तांदूळ येई.

भास्कराचार्यांच्या १२व्या शतकातल्या 'लीलावती'त सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक आहे: २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिण्यांचा १ पण. म्हणजे ८० कवड्या. बंगालात पुढे कित्येक शतकं ४ कवड्यांचा गंडा आणि २० गंड्यांचा पण होता, म्हणजे पुन्हा ८०च. १८व्या शतकाच्या शेवटी बंगालातल्या सिल्हेटचा शेतसारा कवड्यांत भरला जाई, एका रुपयाला ५१२० कवड्या. तो न्यायला होड्यांचे तांडे लागत.

इंग्रजी राज्यात हे चलन संपलं आणि आपल्या भाषेत कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक एवढं उरलं. बाजारात जिची किंमत गेली तीच तुमच्या आईच्या गळ्यात मान घेऊन राहिली. आणखी एक, संस्कृतात कवडीला कपर्द, कपर्दिका म्हणतात आणि शंकराचं एक नाव कपर्दी. त्याची जटा कवडीसारखी वळलेली म्हणून.

ओहोटीवाला
कवडीच्या चकाकीबद्दल दोन ओळी. इतर शंख लाटांनी, वाळूने घासले जाऊन खरबरीत होतात. कवडीचा प्राणी जिवंतपणी आपली मऊ त्वचा, जिला पाठ्यपुस्तकात प्रावार म्हटलंय, कवचावर दोन्ही बाजूंनी पांघरून घेतो. आतून चकाकीचे थर चढत राहतात. म्हणून कवडीला पॉलिश लागत नाही.

अमृता_कोलकाता
नवऱ्याच्या नोकरीमुळे बारा वर्षं कोलकात्यात आहे. लग्नानंतर सासूबाईंनी मला हिरवा चुडा भरला आणि इथल्या शेजारणीने दोन वर्षांनी प्रेमाने शाँखा-पोला दिला. शाँखा म्हणजे शंखाची पांढरी बांगडी, पोला म्हणजे पोवळ्याची लाल.

या बांगड्यांचा शंख तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातातून येतो, तुतिकोरिनच्या बाजूचे पाणबुडे तो काढतात. बांकुडा जिल्ह्यात विष्णुपूरला मी शंख कापताना पाहिलं आहे. पूर्वी अर्धचंद्राकृती मोठ्या करवतीने हाताने कापायचे, आता यंत्र आहे. पांढरी भुकटी कारागिराच्या भुवयांवर, पापण्यांवर. शंखाच्या जाडजूड पोटातून फार थोड्या बांगड्या निघतात, मग त्यावर कानशीने वेल, मासे, फुलं.

मला सगळ्यांत हलवून गेलं ते हे की गुजरातच्या किनाऱ्यावर नागेश्वर इथे हडप्पा काळातली शंखाच्या बांगड्यांची जागा उत्खननात सापडली आहे. जात हीच, कापायची तऱ्हाही जवळपास हीच. चार हजारांहून जास्त वर्षं बाया एकाच शंखाची बांगडी हातात घालतायत. माझ्या हातात आता हिरव्या काचेच्या मधोमध ती एक पांढरी असते.

ह्यूस्टनकर
आमच्याकडचा एक अनुभव, कुणाचं नुकसान टळावं म्हणून लिहितो.

वडिलांच्या सत्तरीला एका दुकानातून दक्षिणावर्ती शंख घेतला, बराच महाग. देव्हाऱ्यात ठेवला. नंतर मुलीला घेऊन गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर गेलो तर तसाच शंख वाळूत पडलेला. टेक्सासचा तो राज्य-शंख आहे, लाइटनिंग व्हेल्क. या जातीत बहुतेक सगळे शंख डाव्या वळणाचेच असतात, त्यात दुर्मीळ काही नाही.

आपल्या पूजेच्या शंखात मात्र डावं वळण लाखांत एखाद्यालाच असतं. नावाचा घोळ असा की शास्त्रज्ञ शंखाचा कळस वर धरून बघतात आणि आपल्याकडे निमुळती चोच वर धरतात. म्हणून त्यांचा डावा तो आपला दक्षिणावर्ती. ओळखायची खूण: तोंडातून आत मधल्या खांबावर बघा. खऱ्या पूजेच्या शंखाला तिथे तीन-चार ठळक आडव्या वळ्या असतात, व्हेल्कचा खांब जवळजवळ सपाट असतो.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सहा महिने रोज त्याला गंध लावलंय, आता तो देव आहे." आम्ही तो ठेवला. मुलीला किनाऱ्यावर सापडलेलाही शेजारी ठेवला.

गणू_सर
वळण डावं की उजवं हे गर्भ अवघा आठ पेशींचा असताना ठरलेलं असतं. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवर याचा अभ्यास झाला आहे. त्यांच्यात पिल्लाचं वळण त्याच्या स्वतःच्या जनुकांवरून ठरत नाही, आईच्या जनुकांवरून ठरतं. सागरगोटी ताई, तुमचा धागा आजीचा आहे म्हणून हे लिहावंसं वाटलं.

देव्हाऱ्याचा विषय निघालाच आहे तर शाळिग्रामही आठवा. गंडकीच्या पात्रातला काळा गोटा फोडला की आत चक्र दिसतं. ते अमोनाइटचं, पंधरा कोटी वर्षांच्या आसपासच्या समुद्री जीवाचं. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता. अमोनाइट शंखापेक्षा माकुळाच्या (स्क्विडच्या) जवळचा. एकाच ताम्हनात आपण शंख आणि शाळिग्राम शेजारी ठेवतो तेव्हा दोन मृदुकाय प्राणी शेजारी असतात.

रेवदंडा
सगळं वाचलं, आवडलं. पण एक विरोधी सूर लावतो. इतकं प्रेम आहे तर उचलता कशाला? शंखात राहणाऱ्या खेकड्यांना रिकामे शंख लागतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या किनाऱ्यावर या, खेकडा बाटलीच्या झाकणात पाठ घालून फिरताना दिसेल. स्पेनमध्ये सालूजवळच्या एका किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी तीस वर्षांच्या अंतराने शिंपले मोजले. पर्यटक जवळपास तिप्पट झाले आणि शिंपले निम्म्याहून कमी उरले.

आणि स्टॉलवर टांगलेले मोठे चकचकीत शंख लाटेने वाहून आलेले नसतात, जिवंत काढलेले असतात. २००१ पासून कित्येक जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. नॉटिलस, शिंगवाला हेल्मेट शंख, मोठे ट्रायडॅक्ना शिंपले, आणि गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावायचे तो पातळ पारदर्शक शिंपलासुद्धा. विकत घेऊ नका, एवढीच कळकळ आहे. शिवाय जिवंत कोन शंख हातात धरू नका, त्यातल्या काहींच्या विषारी दंशाने माणूस मरतो.

वेंगुर्लेकरीण
रेवदंडा, विकत घेण्याबद्दल शंभर टक्के पटलं. पण पोराने एक शिंपली खिशात घातली तर त्याला नको म्हणवत नाही मला. ज्याच्या खिशात शिंपली गेली तोच पुढे खाडीत भराव घालताना ओरडेल. आमच्या खाडीत तिसरे कमी झाले ते पोरांच्या खिशांमुळे झाले नाहीत, वाळू उपशामुळे झाले.

ओहोटीवाला
दोघांचंही बरोबर आहे. मी मुलांना सांगतो: आधी आत कुणी आहे का बघा, मग पालथा करून बघा, मग हवाच असेल तर एक. अखंड शंख शक्यतो तिथेच ठेवा, भोक पडलेला, फुटका घ्या. फुटक्या शंखातच तर आतला जिना दिसतो.

आता सागरगोटी ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, माणूस का वाकतो. मला उत्तर येत नाही, पण एक गोष्ट अनेक वर्षं मनात आहे. ज्या शंखांची नक्षी पाहून आपण हरखतो त्यातले कितीतरी आयुष्यभर चिखलात किंवा वाळूत पुरलेले असतात. काहींच्या कवचावर तपकिरी, खरबरीत साल असते, नक्षी तिच्याखाली झाकलेली. कोन शंखाची जाळीदार नक्षी बघा, जिवंतपणी ती बहुधा दिसतच नाही. त्या प्राण्याची नजरही अंधुक असते. साल झिजून रंग उघडा पडतो तो प्राणी मेल्यावर, लाटांच्या हाती. तोवर ती नक्षी कुणी पाहिलेली नसते. तुमच्या आजींनी वेचलेल्या त्या दोनशे शंखिकांपैकी प्रत्येकीची नक्षी पाहणारी पहिली माणूस बहुतेक तुमची आजीच.

आराध्याची_लेक
सर, हे वाचून डोळे भरले. पणती ताई, तुमचंही लिहिणं आईला वाचून दाखवलं. ८०चा हिशेब ऐकून ती म्हणाली तिच्या आजीला गंडे मोजता यायचे.

सागरगोटी
चार दिवसांनी येतेय. शनिवारी माझी लेक, वय नऊ, म्हणाली आपण माळ करू. तिला मी चंद्रशंखाची सगळी गोष्ट सांगितली, काही न वगळता. तिने विचारलं, मग आता ओवायचं की नाही? थोडा वेळ विचार करून तीच म्हणाली, ओवू या, पणजीने त्यासाठीच ठेवलेत.

ओवताना एक शिंपला अडला. दोरा जाईना. उजेडात धरून पाहिलं तर भोक अर्धवट आहे, बाहेर नीट गोल खळगा, आत मात्र काहीच नाही, गुळगुळीत पांढरा. चंद्रशंखाने काम मध्येच सोडलेलं. लाट आली असेल, किंवा आणखी कुणी त्यालाच पळवलं असेल. म्हणजे हा शिंपला त्या दिवशी वाचला.

माळेला उपयोग नसलेला एकच शिंपला आजीने ४० भोकवाल्यांच्या पुडीत का ठेवला असेल? तिची नजर शेवटपर्यंत चांगली होती, सुईत दोरा तीच ओवायची. तिच्या नजरेतून तो सुटला असेल असं मला वाटत नाही.

ओहोटीवाला
ताई, खळग्याच्या बरोबर मध्ये बोटाला अगदी बारीक उंचवटा लागतो का बघा. लागला तर ते चंद्रशंखाचंच अर्धवट काम.

सागरगोटी
लागतोय.